तांड्यावरचा अकरावा लॅपटॉप

"मॅडम, लवकर या. एक लॅपटॉप फुटला. पोरगी कबूल झाली आहे. तुम्ही फक्त पंचनाम्यावर सही करा."

सकाळी साडेआठला फोन आला तो धीरज सरांचा. मेडशी गावापलीकडच्या तांड्यावरची एकशिक्षकी शाळा ते चालवत. सुचिता वानखडे केंद्रप्रमुख, म्हणजे अशा चौदा शाळांवर लक्ष ठेवणाऱ्या. आज दुपारी त्या तिथे तपासणीला जाणारच होत्या, आणि हे सरांना ठाऊक होतं. तपासणीच्याच दिवशी गुन्हेगार सापडतो, कबूलही होतो आणि आपलं काम तेवढं सहीचं उरतं, हा आयता घास बाईंच्या घशाखाली उतरेना. त्यांनी स्कूटी काढली.

शाळेच्या ओसरीवर पोरं बसली होती. एका संस्थेने ऑगस्टमध्ये शाळेतल्या अकरा पोरांना एकेक असे अकरा स्वस्तातले लॅपटॉप दिले होते. हिरवे, पाटीएवढे, हातातून पडले तरी न फुटणारे. झाकणाच्या दोन्ही बाजूंना सशासारखे दोन कान. चौथीतल्या करणने अंगठ्यांनी दोन्ही कान वर केले, टक् आवाज झाला, झाकण उघडलं. मग तो बोटांच्या टोकांवर फुंकर घालत बसला.

फुटलेला लॅपटॉप सरांच्या टेबलावर होता. झाकणाची पुढची कड उचकटलेली, तिथे पेचकसाचे ओरखडे. पडदा आडवा तडकलेला. दोन्ही कान मात्र जागच्या जागी, चपट मिटलेले. बाईंनी तो उलटा केला. खाली बॅटरीचं झाकण होतं, त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"कोणाचा?"

"सुकेशनी राठोड. चौथी. काल दप्तरात लपवून घरी नेला, फोडला आणि सकाळी आणून कपाटामागे टाकला."

"कपाटाच्या किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक शाळा समितीचे अध्यक्ष बापूराव यांच्याकडे."

"काल संध्याकाळी कपाट बंद करताना मोजले नाहीत?"

"राहून गेलं."

"फोडला कशाला?"

"बॅटरी विकायला. यांच्या वस्तीत पोरं दुसरं काय शिकणार मॅडम?" सर हसले. "वसतिगृहाच्या यादीतून तिचं नाव मी कमी केलंय. चोराला बाकीच्यांत कसं ठेवायचं?"

बाईंचं डोकं सणकलं. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो. ज्या पोरांची नावं हंगामी वसतिगृहाच्या यादीत असतात, ती इथे राहून शिकतात. नाव नसलेलं पोर आईबापाबरोबर उसाच्या फडात जातं आणि तोडलेल्या शेंड्यांची वाढं बांधतं. ट्रक परवा येणार होता. म्हणजे एका काट मारण्यात या पोरीचं शिक्षण संपलं होतं.

"बोलवा तिला."

सुकेशनी आली. उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. मागे तिचा बाप सेवालाल, आणि त्याच्या मागे बापूराव, पांढऱ्या टोपीतले बागायतदार. शाळेला लागूनच त्यांचा मिरचीचा मळा होता.

"हाताला काय झालं?" बाईंनी विचारलं.

उत्तर बापाने दिलं. "म्याच मारलं बाई. चोरट्या पोरीचा बाप म्हणून जगू काय? दगडावर हात ठेवला अन् हानलं. तिसऱ्या टायमाले कबूल झाली."

दोन बोटं निळी पडून सुजली होती. बाईंना त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्यांनी आवाज ताब्यात ठेवला.

"सुकेशनी, कशानं फोडला?"

"पेचकसनं."

"बॅटरी कुठं असते?"

"खाली."

"मग वरचं झाकण काहून उचकटलं?"

ती डावा हात फ्रॉकला घासत होती. त्याला तर मार लागलेला नव्हता.

"आणि हा हात?"

"भगभग करते बाई. मिरची..."

"घरी मिरची कुटली असेल," सर घाईने म्हणाले.

"जी, माह्या घरी तं आठ दिवसापासून मिरचीच नाई," सेवालाल म्हणाला. बापूराव उगाच खोकले.

बाईंनी सरांचं रजिस्टर मागितलं. ऑगस्टपासून रोज अकरा ते एक, 'संगणक तास, सर्व विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवले', आणि खाली झोकदार सही. एकही दिवस चुकलेला नव्हता. इतका नेमाने शिकवणारा मास्तर बाईंनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

त्यांनी पोरांकडून तीन लॅपटॉप घेतले आणि टेबलावर बंद करून ठेवले.

"एकेकाने उघडून दाखवा."

सुकेशनीने डाव्या अंगठ्याने आधी एक कान उचलला, मग दुसरा. झाकण उघडलं. तिला एवढंसं हसूही आलं, पण बापाकडे नजर जाताच ते मावळलं.

"त्यात काय मोठं? मले बी येते," बापूरावांनी झटक्यात कान वर केले. "हे पोट्टे बांधावर बसून असेच उघडून राह्यतेत, रोज पाह्यतो ना मी." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"कोणाच्या बांधावर बापूराव?"

बापूरावांनी टोपी सारखी केली.

"आता तुम्ही, सर."

धीरज सरांनी लॅपटॉप ओढला. पुढच्या कडेत नखं घातली आणि जोर लावला. उघडेना. फिरवून मागून दाबलं. पुन्हा पुढून. कपाळावर घाम आला. ओसरीवरून पहिलीतली एक पोर ओरडली, "सर, कान! त्याचे कान उचला ना!"

"राहू द्या सर," बाई म्हणाल्या. "नाहीतर आणखी एक फुटेल."

मग त्या बापाकडे वळल्या.

"सेवालाल, नीट ऐका. हा लॅपटॉप ज्याने फोडला, त्याला तो उघडायचा होता. बॅटरी काढायची असती तर खालचं झाकण उघडलं असतं. त्याला हातही लागलेला नाही. उघडायचा होता, पण कान उचलावे लागतात हे त्याला माहीत नव्हतं. तांड्यावरच्या बारक्या पोरालाही ते येतं. बापूरावांनाही येतं. येत नाही फक्त एका माणसाला, ज्याने तीन महिने रोज दोन तास हेच शिकवलं म्हणून सही केली आहे. कपाटाची एक किल्लीही त्याच्याच खिशात. कुंपणानेच शेत खाल्लंय."

"खोटं आहे हे! मी कशाला उघडेन?" सरांचा आवाज चिरकला.

"करण, सुकेशनीच्या लॅपटॉपात असं काय होतं?"

"फोटो. समद्यायलेच पाठवले तिनं. हे डबे एकमेकायले दिसतेत, नेट नसलं तरी." करणने पडदा बाईंसमोर धरला. बांधावर हिरवे लॅपटॉप ओळीने ठेवलेले. मळ्यात बाकीची दहा पोरं वाकून मिरची तोडताहेत. एका फोटोत खाटेवर झोपलेले सर. खाली तारीख आणि वेळ, सकाळचे साडेअकरा.

"मॅडमले दावीन म्हटलं होतं म्या सरले," सुकेशनी हळूच म्हणाली. "आमचे हात लय भगभगतेत म्हणून."

"हे फोटो पुसायला तुम्हाला तो उघडायचा होता, सर. उघडला नाही, तेव्हा पेचकस घातला. फुटला, तेव्हा एक पोरगी शोधली. फोटो अकराही लॅपटॉपांत आहेत, हे तुम्हाला कोण सांगणार? कधी हात लावला असता तर कळलं असतं."

सर खुर्चीत बसले. मग ते बोलले तेव्हा आवाज अगदी शांत होता.

"लिहा मॅडम. पण वसतिगृह मुख्याध्यापकाच्या नावाने मंजूर आहे. मी निलंबित झालो की या शाळेत दुसरा शिक्षक नाही. परवा ट्रक आहे. एका पोरीपायी बाकीची दहा घालवा."

बाईंनी वरिष्ठांना फोन लावला. तिकडून सांगितलं, शिक्षक नसेल तर वसतिगृह नाही. नवा माणूस मिळाला की बघू. कधी मिळेल? बघू.

सरांनी हे सगळं ऐकलं आणि पेन पुढे सरकवलं. सेवालालने पोरीचा दुखरा हात धरायला हात लांब केला. तिने तो पाठीमागे नेला.

"बाई," सुकेशनी म्हणाली, "म्याच फोडला असं लिवा ना. माहं नाव तं कटलंच हाय. हे धा जण तरी राह्यतीन."

तासभर बाईंसमोर कागद कोराच होता. खोटं लिहिलं तर दहा पोरं शाळेत राहतील आणि रोज अकरा वाजता मिरची तोडायला जातील, हे त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. मग त्यांनी धीरज सरांचं नाव लिहिलं. आपण बरोबर केलं असं त्यांना वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला. भांड्यांच्या गाठोड्यांवर अकराही पोरं बसून गेली. सुकेशनी बापापासून लांब, आईच्या अंगाला चिकटून बसली होती. लॅपटॉप पुरावा म्हणून सील झाले.

पंधरा दिवसांनी अहवालाची प्रत बाईंकडे परत आली. कोपऱ्यात लाल शाईने शेरा होता: 'पटावर हजर विद्यार्थी शून्य. सबब नवीन शिक्षक देण्याची आवश्यकता नाही.'