मागे केलेला हात

सांगतो ते खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण खोटं म्हणू नका. शेवटी मी स्वतः तिथं होतो.

आमच्या जैन घरात लहानपणी भुताची भीती कुणी घातली नाही. न गाळलेल्या पाण्याची घातली. त्यामुळे असल्या गोष्टी ऐकून मी हसायचो.

आता हसत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही बरं का. भुतं रात्रीच निघतात असं वाटत असेल, तर तुम्ही खान्देशातली एप्रिलची दुपार पाहिलेलीच नाही.

अखिल माझा चुलतभाऊ. जळगावला आमचं किराणा दुकान. शिंदखेड्याचा नवीन हा त्याचा कॉलेजपासूनचा जोडीदार. दोघांना डोंगर पालथे घालायचं वेड, त्यात हलक्या बॅगेचं खूळ. काय सांगू, टूथब्रशची दांडीसुद्धा कापून टाकायचे! बॅग आमच्या दुकानाच्या काट्यावर ठेवायची, आणि दहा ग्रॅम कमी भरले की एकमेकांना टाळी द्यायची.

ओझं वाटून घ्यायचे. खाणं आणि ताडपत्री नवीनकडे, पाणी सगळं अखिलकडे. तेही उकळलेलंच. नवीनचा नेम होता, वर्षभर कच्चं पाणी तोंडात घालायचं नाही.

अखिलच्या बॅगेला दोन्ही बाजूंना बाटल्यांचे खिसे होते. पण इतके मागे, की स्वतःचा हात पोचायचा नाही. मग अखिलनं चालता चालता तळवा उघडून हात मागे करायचा. मागून येणारा नवीन बाटली काढून त्या तळव्यावर ठेवायचा. आधी अखिल प्यायचा, मग नवीन. बोलायची गरजच पडत नव्हती.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये दोघं सातपुड्यात होते. यावलच्या वर. पाड्याचं नाव मुद्दाम सांगत नाही.

दुपारचे दोन वाजले होते. नवीन बराच मागे पडला होता.

"अखिल... पाणी."

अखिलनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "पुढं सावली आहे, तिथं पिऊ," म्हणाला. चालायची लय लागली होती, ती मोडायची नव्हती. एवढंच कारण.

सावलीत पोचला. थांबला.

मागे कुणीच आलं नाही.

हाका मारत उलटा पळाला. पाड्यावरचा मंगाभाऊ सरपण घेऊन येत होता, त्याला नवीन आधी दिसला. पळसाखाली पडलेला. दहा पावलांवर झिरा वाहत होता... आणि नवीनचे ओठ कोरडे होते. नेम मोडला नव्हता पठ्ठ्यानं.

दवाखाना यायच्या आत संपला.

अखिलच्या पाठीवरच्या दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या.

शिंदखेड्याला नवीनची आई, चंदनबाई, पुन्हा पुन्हा एकच विचारत होती. "शेवटी पाणी मिळालं ना रे त्याला?"

"पाजलं काकीजी," अखिल म्हणाला. "पोटभर."

त्या दिवसापासून अखिल थिजला. रडला नाही. ताट वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. गिऱ्हाईकानं साखर मागितली तर मीठ तोलून द्यायचा. कुणी ओरडलं तर नुसता बघत राहायचा.

एक दिवस बॅग घेऊन शिवत बसला. पुढच्या पट्ट्यांवर, छातीशी, बाटल्यांचे दोन नवे खिसे शिवले.

"आता माझा मलाच हात पोचतो, भैया," म्हणाला. "मागे कुणी असावं लागत नाही."

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो एकटाच त्या डोंगरात गेला. का गेला, ते त्यालाही सांगता येत नाही. मंगाभाऊच्या दारात भरलेली घागर मांडलेली होती. गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला पाणी ठेवतात. आमच्यात तसं करत नाहीत.

"एकलाच चालना का, भाऊ?" मंगाभाऊनं विचारलं. "त्याले पानी दिधं का कोनी?"

अखिलनं पाड्यावरच्या हातपंपावर बाटल्या भरल्या, छातीवर अडकवल्या आणि निघाला.

दोन वाजत आले. वारा पडलेला. पाखराचा आवाज नाही.

मागे पाचोळा वाजला...

तो थांबला. आवाज थांबला.

तो चालला. आवाजही चालला.

मग बॅग मागून हलली... हळूच. उजवीकडचा जुना खिसा. आता तो रिकामा होता.

कुणीतरी त्यात हात घालून चाचपत होतं.

मग डावा खिसा...

"भीती वाटायला हवी होती, भैया," अखिल सांगतो. "नाही वाटली. काहीच वाटलं नाही."

त्यानं छातीवरची एक बाटली काढली आणि न वळता हात मागे केला.

बाटली हातातून गेली.

तो तळवा उघडा ठेवून उभा राहिला. बऱ्याच वेळानं बाटली परत हातावर आली...

भरलेली. थेंबही कमी नव्हता.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. हातपंपाचं पाणी. कच्चं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मला गाडी काढायला लावली. आम्ही शिंदखेड्याला गेलो. चंदनबाईंच्या पुढ्यात बसून त्यानं सांगून टाकलं. "काकीजी, मी खोटं बोललो. पाणी माझ्या पाठीवर होतं. त्यानं मागितलं होतं. सावलीत पिऊ म्हणालो, दिलं नाही." कालची कच्च्या पाण्याची गोष्टही सांगितली.

मला वाटलं, म्हातारी आता घर डोक्यावर घेणार. मारलं असतं तरी मी मध्ये पडलो नसतो. पण ती उठली. पाणी गाळलं, उकळलं, परातीत ओतून निवू दिलं. बाटली भरली. झाकण पदरानं पुसलं.

"आता सावलीसाठी थांबू नकोस," म्हणाली.

दोनच्या आत पोचायचं म्हणून मी गाडी दामटली.

या वेळी अखिलच्या मागे मी होतो. चार पावलांवर. आमच्या मध्ये पाचोळा, बाकी काही नाही.

पळसापाशी अखिलनं न वळता बाटली मागे धरली.

पाचोळा वाजला... मी खाली पाहिलं. वर पाहिलं तेव्हा त्याचा तळवा रिकामा होता.

आणि आवाज आला. गट... गट... गट... माझ्या अगदी पुढ्यातून.

मग बाटली त्याच्या हातावर आली. रिकामी.

अखिल मटकन खाली बसला. वर्षभरात पहिल्यांदा रडला.

टेकाडावर रेंज मिळाल्यावर त्यानं फोन लावला. "पाजलं काकीजी," म्हणाला. "पोटभर."

 तिनं बराच वेळ फोन ठेवला नाही.

उतरताना अखिल पुढे, मी सगळ्यात मागे. माझी बॅग साधी, बाटली बाजूच्या खिशात, तिथं माझा हात पोचायचा नाही. उन्हानं घशाला कोरड पडली होती. डोकं बधिर झालेलं. नकळत मी तळवा उघडून हात मागे केला.

माझ्या मागे कुणीच नव्हतं.

तळव्यावर बाटली आली.

मी प्यायलो आणि चालत राहिलो. वळून पाहिलं नाही. अजूनही कुठं डोंगरात गेलो, तर मी वळून पाहत नाही.