पांढरा उजेड

मंगळवारी सकाळी तळप्रमुखांनी जाहीर केलं, की कुंदा डोईफोडे आता जिवंत नाही. चंद्रावरच्या लाव्ह्याच्या गुहेत छत कोसळून तिची वाट बंद झाली होती. शोधपथक दुसऱ्या तोंडाने आत जाऊन रिकाम्या हाताने परतलं होतं, आणि हिशेबाप्रमाणे तिच्या पोशाखातला प्राणवायू संपला होता. तिचा नवरा विश्राम तळावरचा वीजतंत्री. त्याने ऐकलं, मान हलवली आणि हातातला पंप दुरुस्त करून ठेवला.

पुढच्या सोमवारी तिचा देह शोधायला जायची परवानगी मिळाली. विश्रामने भांडारातली सगळ्यात मोठी विजेरी उचलली.

"ही घेऊन काय क्रिकेटची मॅच खेळायचीय तिथे?" खनिजतज्ज्ञ शहनाज मणेर म्हणाल्या. "ठेवा ती. ही लाल घ्या."

"मॅडम, हिने पायाखालचंसुद्धा दिसायचं नाही."

"हळू चालू. विश्रामराव, त्या गुहेतला दगड उजेड साठवतो. जांभळी विजेरी मारली की भरतो. मग लाल मारली की साठलेलं सगळं निळं होऊन बाहेर पडतं, एकदाच. कुंदाकडे दगड तपासायची जांभळी विजेरी होती. भिंतीवर खुणा केल्याशिवाय ती राहिली असेल?"

"पथकाला का नाही दिसल्या?"

शहनाजनी लाल विजेरी पुढे केली. "पांढऱ्या उजेडात लालही असतो. त्यांनी सगळ्यात प्रखर दिवे नेले. खुणा पेटल्या असतील, पण त्या झगमगाटात कुणाला दिसणार? आणि पुसल्या गेल्या."

विश्रामने लाल विजेरी कमरेला लावली. त्याला राग यायला हवा होता. आला नाही.

पथक ज्या वाटेने गेलं होतं त्या वाटेवर लाल उजेडात भिंती काळ्याच राहिल्या. पुढे गुहेला फाटा फुटत होता. उजवीकडे पथक गेलं होतं. विश्राम डावीकडे वळला आणि त्याने विजेरी भिंतीवर मारली.

भिंतीवर निळा बाण उमटला. क्षणभर राहिला, विझला.

"इकडे गेली," तो म्हणाला.

शहनाज मनगटावरचा उजेडमापक पाहत होत्या. "थांबा. हा फार प्रखर होता."

"म्हणजे?"

"साठलेला उजेड ठरलेल्या वेगाने गळतो. किती उरला त्यावरून केव्हा भरला ते कळतं." त्यांनी आकडे पुन्हा तपासले. "हा बाण शुक्रवारचा आहे."

"मंगळवारी तिचा प्राणवायू संपला होता."

"पोशाखातला. पहिल्या मोहिमेने या गुहेत प्राणवायूच्या टाक्या पुरून ठेवल्या होत्या ना? कुणाला सापडल्या नव्हत्या त्या?"

"हो."

"तिला सापडल्यात."

विश्राम भिंतीकडे बघत राहिला. तिथे आता काहीच नव्हतं. शुक्रवारी तळावर कुंदाची शोकसभा झाली होती. तो पहिल्या रांगेत बसला होता.

"चला," शहनाज म्हणाल्या. "विश्रामराव, चला ना!"

तो निघाला. त्या बाजूच्या गुहेत पथकातलं अजून कुणी गेलं नव्हतं. कुंदाला शोधायचं राहिलं होतं.