चार मिनिटांचं लोडिंग

"तुझ्या शेजारची सीट रिकामी आहे का?"

एवढंच विचारायचं होतं. मोजून सहा शब्द. चिमणी आणि वकील या माझ्या दोन मैत्रिणी कॉम्प्युटर लॅबच्या खिडकीला नाक लावून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "वक्तृत्वात बक्षीस मिळवलंस ना? मग जा, चेकलिस्टशी बोलून दाखव!"

चेकलिस्ट म्हणजे दुसऱ्या तुकडीतला तो चष्मेवाला मुलगा. शाळा सुटल्यावर एकटाच लॅबमध्ये बसून विमान उडवायचा. खरं नव्हे हो, कॉम्प्युटरवरचं! पण त्यासाठीही शेजारी कागद ठेवून एकेका ओळीवर खूण करायचा. वकील म्हणायची, हा पाण्याची बाटलीसुद्धा यादी बघून उघडत असेल.

गेल्या वर्षी मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे. यंदा मला पंख फुटले होते. गेले तरातरा आणि विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "आहे," तो म्हणाला. "पण विमान उडत नाहीये."

झालं! खिडकीत दोघी तोंड दाबून हसत होत्या. मी तिथेच बसले… आणि त्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. हेडफोनचा जुना स्पंज झडून काळे कण त्याच्या कानाला चिकटले होते. ते झटकून टाकावेत असं मला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल माझेच कान तापले.

"का उडत नाहीये?"

"भांडण झालंय."

"कुणाचं?"

"फायलींचं."

मग त्याने सांगितलं. मूळ खेळात नसलेली विमानं, विमानतळ, ढग, झाडं लोक स्वतः बनवतात आणि वरून जोडतात. त्यांना ॲड-ऑन म्हणायचं. याने शहाण्णव जोडली होती. त्यातली कुठलीतरी दोन एकाच जागेवर हक्क सांगत होती, त्यामुळे धावपट्टीच्या मधोमध झाडं उगवत आणि विमान जमिनीत बुडून सगळं बंद पडे.

"एका म्यानात दोन तलवारी," मी म्हणाले.

तो हसला. चेकलिस्ट हसतो! ही बातमी खिडकीतल्या दोघींना कधी एकदा सांगते असं झालं. मग वाटलं… नको. राहू दे माझ्यापाशीच.

"अर्धी बाहेर काढायची, सुरू करून बघायचं. मग उरलेल्यातली अर्धी," तो म्हणाला. "पण दर वेळी लोडिंगला चार मिनिटं लागतात. तू कंटाळशील."

"बघू या की!"

त्या चार-चार मिनिटांनीच सगळा घोटाळा केला. पडद्यावर निळी पट्टी मुंगीसारखी सरकत असायची, आणि करण्यासारखं काहीच नसायचं. बोलणार नाही तर काय? पहिल्या चार मिनिटांत त्याला कळलं की मला घरी घाईबाई म्हणतात, कारण मी दुधाची पिशवी कापायच्या आधी दाबते. दुसऱ्यांत मला कळलं की तो पोस्टाच्या मागे, टायरच्या दुकानावर राहतो. तिसऱ्यांत तो म्हणाला, "शनिवारी शाळेत घरच्यांना बोलावलंय ना, तेव्हा आजोबांना इथे बसवून एके ठिकाणी उतरवायचंय. रविवारी ते आत्याकडे कायमचे राहायला चाललेत."

"कुठे उतरवायचंय?"

"शनिवारी कळेल," तो म्हणाला आणि कागदावर उगाचच एक खूण केली.

घरी मी सांगितलं, विज्ञानाचा जादा तास असतो. आई म्हणाली, "शहाणं गं माझं लेकरू." मी ताटाकडे बघत पुढचा घास घेतला.

बुधवारी त्याला आजोबांचा चष्मा आणायला लवकर जायचं होतं. संशयित सहाच उरले होते. जाताना तो दारातून दोनदा परत आला. "फक्त बाहेर काढ. पुसू नकोस हं."

"अरे हो! जा की आता."

आणि मला सापडलं! एकाच विमानतळाची तीन फोल्डरं. एक नवंकोरं, तयार ॲड-ऑनच्या मोठ्या पॅकमधलं, आणि दोन जुनी. म्हणजे एकाच गोष्टीच्या नव्या-जुन्या आवृत्त्या, नाही का? जुनी दोन बाहेर काढायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही.

मग मी ती पुसली. आणि कचरापेटीही रिकामी केली. काम कसं, स्वच्छ!

निळी पट्टी सरकली… धावपट्टी उलगडली. एक झाड नाही मध्ये, काही नाही. मी एकटीनेच टाळ्या पिटल्या. चिठ्ठी लिहून कीबोर्डखाली सरकवली— 'झालं! उडतंय!'

गुरुवारी मधल्या सुट्टीत तो नळापाशी आला. ती चिठ्ठी खिशातून अर्धी डोकावत होती. सकाळीच जाऊन नेली असणार. दिवसभर लॅबमध्ये परीक्षा होती, त्यामुळे मशीन त्याने पाहिलं नव्हतं.

"शेडचं दार उघडतं ना गं?" त्याचा चेहरा नुसता उजळला होता. "तेवढ्या दाराला मला दोन महिने लागले."

"कुठलं… शेड?"

"अगं, बंबाचं. आजोबा त्या छोट्या विमानतळावर अग्निशामक बंब चालवायचे, एकतीस वर्षं. आता तिथे गोदामं झालीत. म्हणून मी तो फोटोवरून बनवला, दोन वर्षं लागली. एकतीस वर्षं जमिनीवर काढली, पण ती धावपट्टी वरून त्यांनी एकदाही पाहिली नाही. कधी विमानात बसलेच नाहीत ना!"

नळ वाहत होता. माझी बाटली भरून पाणी बुटांवर सांडत होतं. मला काल पाहिलेली ती स्वच्छ धावपट्टी आठवली. शेड नव्हतं. काहीच नव्हतं. जुनी फोल्डरं त्याने बनवलेली होती, आणि ती मी पुसली होती.

"उघडतं ना?"

"हो…" मी म्हणाले. "उघडतं."

ते दोन शब्द कुठून आले, देव जाणे. वक्तृत्वाची ढाल मिळवणारी मी! पुढच्या तासाला फळ्यावर काय लिहिलं होतं, मला आठवत नाही. शनिवार. त्याचे आजोबा नवा चष्मा लावून खुर्चीत बसतील, आणि समोर कुणा परक्याची कोरी पट्टी…

चिमणी म्हणाली, "सांगूच नकोस. कॉम्प्युटरनेच खाल्लं म्हण."

वकील नेहमी दुसऱ्याची बाजू मांडते. पण या वेळी नाही. म्हणाली, "तुझी बाजू नाहीच आहे गं."

शाळा सुटल्यावर मी पोस्टाच्या मागे गेले. टायरच्या दुकानाशेजारचा जिना चढताना दोन वेळा मागे वळले. तिसऱ्या वेळी दार आतूनच उघडलं. उंच, ताठ म्हातारे, हातात वर्तमानपत्र.

"कुणाकडे धावतेस की कुणापासून पळतेस?" त्यांनी विचारलं. "पावलं दोन्हींची वाजली."

"आजोबा, मी… तो आहे का?"

तो आतून आला. मला बघून हसायला लागला, आणि माझा चेहरा बघून थांबला.

मी एका श्वासात सांगून टाकलं. तीन फोल्डरं, जागा नाही, पुसलं, कचरापेटी. "आणि दुपारी खोटं बोलले. दार उघडत नाही. दारच नाहीये."

खालून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज येत राहिला. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "दुसरं जुनं फोल्डर माझं बॅकअप होतं," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. खरंच.

"काय पुसलंस म्हणे?" आजोबांनी विचारलं.

त्यांच्यापासून लपवलेली गोष्ट मीच फोडली होती! आता लपवायला उरलं काय? रडत-रडत सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग भिंतीवरचा फोटो काढून आणला. तरुण आजोबा, मागे बंबाचं शेड, शेजारी मोठं झाड.

"यावरून बनवलं होतं का त्याने? मग झाड कुठे ठेवलं होतं?"

"शेडच्या डावीकडे," तो आतून बाहेर येत म्हणाला. त्याच्या हातात एक पेनड्राइव्ह होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"चुकलं! हा फोटो शेडच्या मागच्या बाजूने काढलाय. धावपट्टीवरून बघितलं की झाड उजवीकडे. आणि दार या बाजूला नव्हतंच. एकतीस वर्षं त्या दारातून बंब काढलाय मी… आगी विझवल्या तीन, बाकी धावपट्टीवरची कुत्री हाकलली."

त्याने फोटो हातात घेतला. "म्हणजे शनिवारी तुम्ही म्हणाला असता…"

"काही म्हणालो नसतो. नातवाने केलंय म्हणून गोड मानून घेतलं असतं." आजोबांनी माझ्या डोक्यावर वर्तमानपत्राची गुंडाळी हलकेच टेकवली. "हिने निदान विचारायची वेळ तरी आणली."

"यात दहा महिन्यांपूर्वीचं आहे," त्याने पेनड्राइव्ह पुढे केला. आवाज अजून कोरडाच होता. "नुसती पट्टी आणि चार भिंती. उद्या एक दिवस आहे. येशील?"

येशील का म्हणे! पण जिना उतरताना कळेना, त्याने मला माफ केलं होतं की नुसतं कामाला लावलं होतं.

शुक्रवारी लॅबच्या सरांनी सहापर्यंत बसायची परवानगी दिली. आजोबांनी वहीच्या पानावर नकाशा काढून दिला होता. बंब इथे, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी तिथे, आणि कोपऱ्यात एक फुली— 'लंगडा कुत्रा, दुपारी'. मी वाचून दाखवायची, तो ठेवायचा. कामापलीकडे एक अक्षर नाही. मी प्रत्येक क्लिकआधी विचारत होते, "हे दाबू?" आणि तो म्हणत होता, "दाब." घाईबाईच्या जन्मात मी एवढी सावकाश वागले नव्हते.

साडेपाचला त्याने मोठ्या पॅकमधला तो परका विमानतळ बाहेर काढला. पुसला नाही. बाजूला ठेवला. आमचा जागेवर ठेवला आणि सुरू केलं.

निळी पट्टी. चार मिनिटं.

मी नखं खात होते. आता बंद पडलं तर? झाड परत मधे उगवलं तर?

पहिलं मिनिट. दुसरं.

"सोमवारी तू पैजेसाठी आली होतीस ना?" तो पडद्याकडे बघत म्हणाला.

नाही म्हणता आलं असतं. पण खोटं बोलून झालं होतं माझं, या आठवड्यापुरतं काय, पुष्कळ दिवसांपुरतं.

"हो."

"माहीत होतं. काचेत दिसत होत्या दोघी."

"मग बस कशाला म्हणालास?"

"मी कुठे म्हणालो? तू बसलीस." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "मंगळवारी पैज नव्हती. तरी आलीस."

"तरी आले…"

"काल जिन्यावरही."

"तू अजून रागावलायस?"

"थोडा. शेडचं ते दार चांगलं जमलं होतं गं." तो थांबला. "पण रात्री यादी लिहायला बसलो, तर…"

त्याने कागदच माझ्याकडे सरकवला. उद्याची चेकलिस्ट. इंधन, दिवे, पंखांचे फ्लॅप… तेराव्या ओळीपर्यंत नेहमीचं. चौदावी ओळ निळ्या पेनाने नंतर लिहिलेली—

'शेजारची सीट : तिची.'

पुढचा चौकोन रिकामा होता. मी त्याच्या हातातून पेन घेतलं. बोटं बोटांना लागली… आणि मी खूण केली. मग धीर करून त्याच्या कानावरचा स्पंजचा काळा कण झटकला. सोमवारपासून राहून गेला होता तो.

"पडदा!" तो ओरडला.

धावपट्टी उलगडत होती. उजवीकडे झाड. शेड. लाल बंब. कोपऱ्यात, पाय दुमडून बसलेला कुत्रा. विमान टेकलं, एकदा हळूच उसळलं आणि जमिनीवरच राहिलं. आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो होतो, ते एकदमच सोडले.

"उद्या दहा वाजता," तो म्हणाला. "येशील ना?"

तेव्हा मला आठवलं. उद्या सकाळी आम्ही सगळे मामाच्या नव्या घरी निघणार होतो. आणि घरी मी 'विज्ञानाच्या जादा तासाला' होते.

घरी जाताना पाय जड झाले होते. कारणं मात्र भराभर सुचत होती. ताप आणू? प्रयोगवही राहिलीय म्हणू? एकेक छान, पटण्यासारखं कारण. पण खोट्यावर आणखी एक खोटं ठेवायचं, आणि मग कधीतरी दोन्ही एकाच जागेवर हक्क सांगणार…

दारात बॅगा भरून ठेवल्या होत्या. बाबा चेन ओढत होते, आई बॅगेवर बसून ती दाबत होती.

"आलीस? तुझा निळा ड्रेस ठेवलाय बघ वर," आई म्हणाली.

"आई, बाबा, जरा बसा."

"मी बसलेलीच आहे."

छाती धडधडत होती. ढाल घेताना स्टेजवरसुद्धा एवढी धडधडली नव्हती. पण मी ताठ उभी राहिले, त्या आजोबांसारखी.

"विज्ञानाचा जादा तास कधीच नव्हता. मी खोटं बोलले. आठवडाभर मी लॅबमध्ये एका मुलाबरोबर विमानतळ बांधत होते, त्याच्या आजोबांसाठी. मी त्याचं दोन वर्षांचं काम पुसलं होतं, मग त्याला सांगितलं, आणि आम्ही परत बांधलं. तो मुलगा मला आवडतो. त्याला चेकलिस्ट म्हणतात." बाबांच्या हातातली चेन अर्ध्यात थांबली. "रागवायचं असेल तर मामाकडून आल्यावर हवं तेवढं रागवा, मी ऐकून घेईन. तोवर मला चिमणीकडे ठेवा. कारण मी उद्या तुमच्याबरोबर येत नाहीये. उद्या दहा वाजता शेजारच्या सीटवर मी आहे."