उजव्या कमरेची तलवार

चेहरा रंगवायच्या लाल रंगाची छोटी डबी.

पाठ उसवलेली जुनी पुस्तकं, वाचनालयात मुलांच्या कपाटात सगळ्यात खाली.

आईचं वाक्य : “एवढं शिवता येतं, तर मामेबहिणीच्या लग्नाचं शिव की.”

बसच्या दारात अडकलेली लाकडी तलवार, आणि ड्रायव्हर : “राणीसाहेब, आधी तिला चढू द्या.”

फोनवरचा एक आवाज… वुथी नावाचा. तो दोन वर्षं रोज हसवतो, पण कधी समोर आलेला नाही.

आणि आज सिएटलच्या जपानी चित्रकथांच्या मेळाव्यात मेकलित रांगेत उभी होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मागची निळ्या केसांची मुलगी सहज म्हणाली, “किमोनो मस्त आहे गं. पण तू मेलेली आहेस का?”

“म्हणजे?”

“उजवी बाजू वर घेतलीस. तशी फक्त प्रेताला नेसवतात.”

मेकलितने आजूबाजूला पाहिलं. तिच्या आवडत्या चित्रकथेतल्या, नदीवरच्या पहारेकऱ्यांच्या वेषात कितीतरी जण होते, आणि एकूण एकाची तलवार डाव्या कमरेला, लाल खूण उजव्या डोळ्याखाली. तिची तलवार उजवीकडे होती. खूण डावीकडे.

ती पुस्तकं…

इथिओपियातल्या अदिसहून इथे आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. त्या पुस्तकांवरच ती इंग्रजी शिकली. जपानी पानं उजवीकडून वाचायची असतात. अमेरिकन मुलांना सोपं जावं म्हणून पूर्वी छापणारे ती आरशात दिसावीत तशी उलटी करून छापत. त्या जुन्या पुस्तकांत सगळेच डावखुरे झाले होते, आणि तिने टाका न् टाका त्यांच्यावरून घातला होता. आईच्या जुन्या नेटेल्याचं, म्हणजे पांढऱ्या ओढणीचं, तलम सूत कापून आतली पट्टी केली, तीही उलटीच.

आता वुथी येणार. दोघांनी पहारेकऱ्यांची जोडी व्हायचं ठरलं होतं. आणि जोडीचा फोटो निघाला की, दोन वर्षं ओठांवर अडलेलं ती बोलून टाकणार होती. अशा सोंगात? आयुष्यभर पुरेल एवढा हसेल तो.

ती रांग सोडून खांबाआड गेली. फोनवर लिहिलं : ताप आलाय. येत नाही.

पाऊस ओसरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

निघावं म्हणून तिने तलवार उचलली, तेवढ्यात मागून तो ओळखीचा आवाज आला –

“तापातसुद्धा शिवण सरळ आहे हं तुझी.”

ती वळलीच नाही. “सरळ? सगळं उलटं आहे, वुथी. हसायचं तर हसून घे आणि जा.”

“बघ तरी आधी.”

तिने पाहिलं. फोटोतल्यापेक्षा उंच, थोडा धापा टाकणारा. किमोनोची उजवी बाजू वर. तलवार उजव्या कमरेला. लाल खूण डाव्या डोळ्याखाली, अजून ओली.

“तू… तूही?”

“मीही.”

“ती जुनी पुस्तकं?”

“आमच्या आळीतही वाचनालय आहे बाई. तुम्हा इथिओपियन लोकांचीच मक्तेदारी आहे का?”

ती खांबाला टेकून हसत सुटली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि खूण ओघळली. त्याने बाहीच्या टोकाने ती टिपली… हळूच. हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

“उजवा गाल का लाल झालाय तुझा?” तिने विचारलं. “घासल्यासारखा.”

“थंडी आहे.”

“लोक म्हणतील, दोन मढी फिरतायत.”

“मग बरंच झालं. मेलेल्यांना कुठे घाई असते?”

“मला आहे,” ती म्हणाली. आणि लगेच पुढचंही बोलून गेली. “दोन वर्षं आहे. तू मला फार आवडतोस, वुथी.”

तो कमरेच्या तलवारीची गाठ पुन्हा पुन्हा आवळू लागला, तेव्हा निळ्या केसांची मुलगी रांगेतून ओरडली, “अरे बोल की मढ्या.”

“मी जिन्यातच बोललो होतो,” तो पुटपुटला. “तुला लांबून पाहिलं तेव्हा. तुला ऐकू गेलं नसेल.”

तिने त्याचा हात धरला. डाव्या हाताने – तलवार उपसायचा तोच.

सकाळी घरून निघताना वुथीच्या आईने त्याची तलवार डाव्या कमरेला बांधून दिली होती.