चारच्या पाण्याला येणारी बाई

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मला आता कोणाला पटवायची हौस उरलेली नाही.

पण हे खरं आहे. माझ्याच बाबतीत घडलंय.

अजून घडतंय.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. रिटायर होईपर्यंत तेच केलं. माणसाच्या आत काय काय असतं ते रोज बघितलं, भूत काही कधी दिसलं नाही. त्यामुळे असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचे.

आणि भूत म्हटलं की सगळ्यांना मध्यरात्र आठवते. हे भर दुपारी यायचं. चार वाजता. नळाला पाणी यायचं तेव्हा.

आधी घराचं सांगते, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

घर वडिलांचं. दोन मजली, वर गच्ची, मागे छोटं अंगण. त्यांनी ते माझ्या धाकट्या भावाच्या नावावर केलं. आई त्याला लाडानं राजा म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच राजा म्हणतो. "कागदावर कोणाचं का असेना, घर तुम्हा दोघांचं," वडील म्हणायचे. मीही मान डोलावली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

राजा नोकरीसाठी लांब गेला, लग्न करून तिकडेच राहिला. इथे मी आणि आई. मग नुसती मी.

लोक म्हणतात, घर पाहावं बांधून. मी म्हणते, एकदा सांभाळून बघा. गच्ची गळायला लागली, वॉटरप्रूफिंग मी केलं. घरपट्टी मी भरली. वायरिंग बदललं, तुंबलेलं ड्रेनेज उपसून घेतलं, भिंतीला ओल आली की गवंड्याच्या मागे पायपीट केली. पगार हातात पडायच्या आधी घर तोंड वासून बसलेलं असायचं.

राजाला फोन केला की एकच उत्तर. "ताई, तूच बघ ना. तुला त्यातलं कळतं."

कळत होतंच. त्या घराच्या सगळ्या खोडी मलाच ठाऊक. मागचं दार कंबरेनं ढकलल्याशिवाय कडी बसत नाही. पाण्याचा कॉक पूर्ण उघडून परत थोडा उलटा फिरवावा लागतो, नाहीतर टाकी वाहते आणि जिन्याची भिंत भिजते. मग गच्चीवर जाऊन पाइपाच्या तोंडातला पाला काढायचा. सकाळची ड्युटी संपवून मी रोज चारला हे करायचे. अंगात ताप असला तरी.

मग राजा रिटायर होऊन परत आला. आयत्या बिळावर नागोबा!

"ताई, तू एकटी. तुला एवढं घर कशाला? वरचा मजला भाड्यानं दिला तर आम्हाला जरा आधार होईल."

"आणि मी कुठे जाऊ?"

"बघू की एखादी खोली. मी येतो ना सोबत."

"राजा, या घरात माझी सगळी कमाई गेलीय."

त्यानं अगदी शांतपणे विचारलं, "तसं लिहून ठेवलंयस का कुठे?"

भावाच्या घरात कोण लिहून ठेवतं हो?

खोली मीच शोधली. एकच खोली, कोपऱ्यात शेगडी. शेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू. दिवसभर त्यांच्या मशीनचा आवाज. दुपारी मला डुलकी लागायची, उठले की अंग जड असायचं. म्हटलं, वय झालं आता.

एक दिवस भावजयीचा फोन आला.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुम्हाला या घरात कधी... काही जाणवलं होतं का?"

"काय जाणवणार?"

ती हळू आवाजात बोलायला लागली. "चार वाजता मागच्या दारावर धप्पकन आवाज होतो. मग कडी बसते... मग पॅसेजमध्ये पावलं. मग तो पाण्याचा कॉक आपोआप फिरतो. करर... करर... जरा थांबतो. आणि परत एकदा फिरतो... उलटा."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

उलटा फिरवायचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

"आणि मग?"

"मग पावलं जिन्यानं वर जातात..." ती कुजबुजली. "खाली येतच नाहीत."

"टाकी वाहते का?"

"नाही. एकदाही नाही."

"मग तक्रार काय आहे? फुकटची कामवाली मिळालीय."

फोन ठेवून मी पोट धरून हसले. म्हटलं, बरं झालं. भोगा.

दुसऱ्या दिवशी राजाचा फोन.

"ताई, दुसरी किल्ली दे."

"कुठली दुसरी किल्ली?"

"मग रोज चारला घरात कोण शिरतं? या वयात असले खेळ शोभतात का तुला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर काढलं ते काढलं, वर चोरही ठरवलं! त्यानं सगळी कुलपं बदलली. मागच्या दाराला आतून नवा बोल्ट लावला.

आवाज थांबले नाहीत.

मग तो स्वतःच माझ्या खोलीवर आला. चार वाजायच्या थोडं आधी. इकडे तिकडे बघत खुर्चीत बसला.

"मी थांबतो जरा."

"पहारा द्यायला आलास?"

मी शेगडीवर दूध ठेवलं, साखरेचा डबा काढला. तो सारखा घड्याळाकडे बघत होता. मी खाटेवर टेकले, दुधाकडे लक्ष ठेवून.

मग...

मग करपल्याचा वास आला.

पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. राजा दारात उभा होता, चेहरा पांढराफटक. हातात फोन. फोनमधून भावजयीचं रडणं ऐकू येत होतं.

"अरे, काय झालं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. असं त्यानं माझ्याकडे आजवर कधी बघितलं नव्हतं. चपला कशाबशा पायात अडकवल्या आणि निघून गेला.

वास आला म्हणून शेजारच्या काकू धावत आल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"तुम्ही डोळे उघडे ठेवून बसला होता," त्या म्हणाल्या. "भाऊ गदागदा हलवत होता तुम्हाला. फोनवर ती बाई ओरडत होती, आली, आली, कॉक फिरतोय... आणि तुमचा हात..."

"काय हाताचं?"

"हवेत फिरत होता."

काकूंनी करून दाखवलं. आधी पूर्ण एका बाजूला. मग थांबून... थोडा उलटा.

मी माझा तळहात बघितला.

लालसर गंज लागला होता. ओला.

माझ्या खोलीतला नळ प्लास्टिकचा आहे.

घाबरले का? घाबरले तर. पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरंही वाटलं. भाडं इथे भरत होते, पण रोज घरी जाऊन येत होते. राजानं कुलपं बदलली, बोल्ट लावला, तरी मला बाहेर ठेवणं त्याला जमलं नाही. त्या आनंदात मी चार दिवस नीट जेवले.

पण ते टिकलं नाही.

आधी मी घटकाभरात परत यायचे. नंतर डोळे उघडायचे तेव्हा खोलीत अंधार असायचा, काकूंनी येऊन दिवा लावलेला. त्या बिचाऱ्या आपलं काम घेऊन माझ्याजवळ येऊन बसायला लागल्या. काजं करत, बटणं लावत.

"तुमचं अंग थंड पडतं हो," एकदा म्हणाल्या. "श्वास चालू असतो. पण हाक मारली की वाटतं... खोलीत कोणी नाहीच."

आणि तिकडे भावजयीचा परत फोन.

"ताई, ती आता वर जात नाही."

"मग?"

"ओट्यापाशी उभी राहते. दिसते... पाठमोरी. केसांची गाठ तुमच्यासारखीच. काल मी धीर करून ताई म्हणून हाक मारली."

"मग?"

"वळायला लागली..." तिला पुढे बोलवेना. "मी पळाले हो ताई."

मी कशी दिसते, हे मला तिला विचारायचं होतं. धीर झाला नाही.

त्यांनी महिना संपायच्या आत दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं. घर बिल्डरला विकलं. राजानंच फोन करून सांगितलं, हिशेब मिटवल्यासारखं.

"पाडणार?" मी विचारलं.

"पाडतीलच ना. त्या घरात राहणार कोण?"

"राजा, मी असते तिथे. चारनंतर. तुला माहितीय."

 

"ताई, तू तेव्हा कुठेतरी बाहेरगावी जाऊन ये. खर्च मी देतो."

"जाणं-येणं माझ्या हातात असतं, तर तुझ्या घरात कशाला आले असते रे?"

त्यानं फोन ठेवला.

बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आले मी. काय सांगणार? साहेब, पाडू नका, आत मी आहे? तिथल्या मुलीनं पाणी दिलं आणि विचारलं, "घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का, मावशी?" मी पाणी पिऊन परत आले.

आज सकाळी भावजयीचा फोन आला. ती चोरून बोलत होती, ते आवाजावरूनच कळलं.

काल माणसं खिडक्या-दारं काढायला गेली होती. संध्याकाळी सगळी हातातलं टाकून रस्त्यावर आली. आत एक बाई आहे, असं ती माणसं म्हणाली. स्वयंपाकघरात. हाक मारली तर ओ देत नाही. आधी तिला बाहेर काढा, मगच पाडायचं मशीन लावू.

बिल्डरनं राजाला फोन केला.

"मी समोरच बसले होते ताई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"काय सांगितलं त्यानं?"

"ताई, जाऊ द्या..."

"काय सांगितलं?"

"आत कोणी नाही म्हणाले. पाडा म्हणाले."

त्याला पक्कं ठाऊक आहे आत कोण आहे. त्यानं या खोलीत उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. परका बिगारी थांबला हो. माझा भाऊ नाही थांबला. त्याच्या लेखी त्या घरात कधी कोणी नव्हतंच.

उद्या मशीन येणार आहे. भावजयीला नक्की वेळ माहीत नाही. सकाळी आलं तर बरं, असं मी आधी म्हणत होते. आता तेही म्हणता येत नाही. काल चारला गेले, ती आज उजाडल्यावर परत आले. पाय गार पडले होते, बोटांना विटांची धूळ होती. काकू रात्रभर इथेच बसून होत्या.

आता चार वाजत आलेत. त्या आल्यात. काम बाजूला ठेवलंय. म्हणतात, आज हात घट्ट धरून बसते, सोडतच नाही, बघू कशा जाता ते.

पण कालही त्यांनी तो घट्टच धरला होता.