दिवा लावून केलेलं काम

शटर वर गेलं तसं सकाळचं ऊन आधी फरशीवरच्या तेलाच्या डागांवर उतरलं, मग पान्यांच्या रांगेवरून सावकाश सरकत मोटारीशी आलं. मोटारीच्या छतातल्या रिकाम्या चौकोनाची कड त्याने उजळवली, मागच्या सीटवरच्या छोट्या दप्तरापाशी ते जरा रेंगाळलं, आणि शेवटी कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या उघड्या डोळ्यांत जाऊन थांबलं. मिस्त्री पापणीही न हलवता बसून होते.

"पेपर वाचतोस ना रे? तुझा आवाज बरा वाटतो कानाला," ते मुलाला म्हणाले.

"आज नको, बाबा. आधी मोटारीचं बघू."

मिस्त्रींचा मुलगा खासगी तपास करणाऱ्या बाईंचा मदतनीस होता; त्याची गती पाहून सगळे त्याला 'निवांत' म्हणत. काल त्याच्या धावत्या मोटारीच्या छताची सरकती काच उडाली आणि मागे रस्त्यावर फुटली. काचेखाली त्याची सहा वर्षांची मुलगी बसली होती; ती थोडक्यात वाचली.

"बाई, कुणीतरी माझ्या पोरीच्या जिवावर उठलंय," तो कुजबुजला.

बाईंनी छताची काच सरकते त्या रुळात अडकलेला स्क्रू उचलला. तो तेलाने ओला होता.

"इथे स्क्रू धरून ठेवणारा गोंद हवा. तेल लावलं तर स्क्रू हादऱ्यांनी सुटणारच. मागचा एक मात्र अजून नेटका आवळलेला आहे."

परवा मोटार निवांतच्या मेव्हण्याने नेली होती. तो चिडला. "दाजी, मला त्या काचेचं बटणसुद्धा सापडत नाही! आणि भाचीच्या जिवावर मामा उठेल?"

शेजारच्या गॅरेजवाल्याने कानाला हात लावला. "मिस्त्रींच्या कामात मी हात घालू? त्यांनीच कान पिळून शिकवलंय मला. शिवाय शेडची किल्ली त्यांच्या कमरेला."

"काम माझंच, गेल्या आठवड्यातलं," मिस्त्री ताठ मानेने म्हणाले. "छतावरचं पाणी वाहून नेणाऱ्या चारही नळ्या फुंकून साफ केल्या, स्क्रू गोंद लावून आवळले, रुळांना ग्रीस लावलं. ग्रीसवर धूळ बसू नये म्हणून शटर बंद ठेवलं. दिवा लावूनच केलं."

बाईंनी स्विच दाबला. दिवा लागला नाही. बल्बवर जाळं लोंबत होतं.

"हा गेला कधी?"

"महिना झाला असेल," निवांत म्हणाला. "म्हणजे कुणीतरी मागाहून अंधारात लपूनछपून..."

बाईंनी फळीवरच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या. एक गोंदाची, एक तेलाची. आकार तोच, एकीचं झाकण निळं, दुसरीचं पिवळं.

"शत्रूने स्क्रू नुसते सैल केले असते. तेल घालून कुणी ते मन लावून आवळत बसत नाही. हे जीव ओतून केलेलं काम आहे, निवांत. फक्त झाकणाचा रंग चुकला. बंद शटरआड, गेलेल्या बल्बखाली कुणीतरी काम करत होतं, आणि दिवा लागलाय असंच त्याला वाटत होतं."

"पुरे, बाई," निवांत म्हणाला.

गॅरेजवाल्याने नवा बल्ब बसवला. बाईंनी शटर खाली ओढलं, स्विच दाबला. पांढरा उजेड सगळ्यांच्या तोंडावर आदळला. निवांतने डोळे मिटले.

मिस्त्रींचा चेहरा स्विचच्या आवाजाकडे वळला. त्यांचा आवाज कधी नव्हे तो घाबरलेला होता.

"काय रे... लागला का दिवा?"

बाबांना दिसत नव्हतं.