झील धरणारी

गारखेड्याला जायचं होतं, म्हणून तनुजानं भांडी लवकर उरकली, तान्ह्या प्रांजलीच्या गालाला तीट लावली आणि दुपट्यांच्या पिशवीत तळाला सीडी सरकवली. पुंडलिकनगरातून गारखेडा काही लांब नाही. पण त्या दुष्काळाच्या साली ऊन असं होतं, की कुत्रीसुद्धा टँकरच्या सावलीला जाऊन बसायची.

ते दिवस आठवले की तनुजाला अजूनही आधी त्या टँकरचाच वास येतो. गंजाचा आणि ओल्या मातीचा. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. शेंद्र्याकडं रोज एखादी नवी भिंत उठायची. तिथंच एका कारखान्यात तिचा नवरा अंगद लागला होता. सासरे केरबा उरलीसुरली मेंढरं विकून त्यांच्याकडं राहायला आले होते. दोन खोल्या, कोरडा नळ, पण घर गाण्यानं भरलेलं असायचं.

ती गाणी सासूची. सरूबाई शेवटच्या दुखण्यात खाटेवर पडून नव्या सुनेला ओव्या शिकवायच्या. आवाज राहिला नव्हता, नुसत्या पुटपुटायच्या. "ओळ म्हणली की दम धर, पोरी. झील धरणाऱ्याला जागा ठेव." एकानं ओळ म्हणायची, दुसऱ्यानं तिचं शेवटचं टोक उचलून ओढायचं, ती झील. नातीचं तोंड बघायच्या आधीच त्या गेल्या. प्रांजली झाली तेव्हा ओव्या अंगाई झाल्या. लेक दुसऱ्या कशानं झोपायचीच नाही. आणि झील धरायला कोणी नसलं तरी तनुजा सवयीनं ओळीमागं जागा सोडायची.

अंगदनं एकदा कारखान्यासमोरच्या चहावाल्याकडून 'खरखर' आणलं. झेरॉक्सवर काढलेलं, पिना मारलेलं चार पानांचं मासिक. घरात बसून, स्वतःच्या हिमतीवर गाणं भरणाऱ्यांनी सीडी पाठवायची आणि मासिकवाल्यानं ती ऐकून खरंखरं लिहायचं, एवढाच त्याचा धंदा. कुणा पोराबद्दल लिहिलं होतं, 'गिटार सुरात आहे, पोरगा नाही.' अंगद पोट धरून हसला. मग म्हणाला, "तुझं देऊ या का?"

"मला काय म्हणतील ते?"

"म्हणतील, बाई सुरात आहे, नवरा नाही."

मोबाईलवर गाणं भरणं तेव्हा नवलाचं होतं. दुपारी लाईट गेली की पंख्याची घरघर थांबायची, तीच वेळ त्यांनी धरली. केरबा कट्ट्यावर बसलेले. खिडकीला गोधडी लावली, दार लावून घेतलं. खोलीत तनुजा, मोबाईल धरलेला अंगद आणि झोळीत प्रांजली. नंतर मोबाईलला कान लावून दोघांनी ऐकलं. ओळींमागच्या रिकाम्या जागा ऐकून तनुजा लाजली. "एवढ्या जागा कापून टाका ना." अंगद म्हणाला, "कापलेलं ते घेत नाहीत." आणि त्यानं कुणाकडून तरी सीडी करून आणली.

'खरखर' काढणारे रामप्रसाद गारखेड्यात झेरॉक्सचं दुकान चालवायचे. मागच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर होता.

"बसा वहिनी. मी समोरच ऐकतो. माघारी ऐकून लिहिलं की माणूस खोटं लिहितो."

सीडी फिरायला लागली. तनुजानं मान खाली घातली, लेकीला मांडीवर धरलं. तिचा स्वतःचा आवाज आला:

झोळी बांधली लिंबाला, सावली माझ्या बाईला...

मग ती रिकामी जागा आली. आणि त्या जागेत कुणीतरी हळूच ओढलं, "...माझ्या बाईला..."

मांडीवरची प्रांजली हलायची थांबली.

बाईचा आवाज होता. जवळून आलेला, घशात धूळ असल्यासारखा. पहिल्या ओवीत तो जरा चाचपडत होता, दुसऱ्या ओवीत सावरला. रामप्रसाद डोळे मिटून ऐकत होते. काही ओव्या झाल्या आणि गिऱ्हाईक आलं, तसं त्यांनी ते बंद केलं.

"भई वा. तुम्ही चांगलं म्हणता, पर जान उस दूसरी में है. नाव काय त्यांचं?"

"कुणाचं?"

"झील धरणारीचं. सीडीवरच्या चिठ्ठीत तुम्ही तुमचं एकटीचंच लिहिलंय. आमच्याकडं थाळी वाजवणाऱ्याचंसुद्धा नाव छापतो. ज्याचा हात, त्याचा वाटा."

 दुसरं कुणी नव्हतंच, हे सांगायला तनुजानं तोंड उघडलं आणि एकदम तिला खाटेवरची सासू दिसली. दुसरं कोण असणार? नातीला बघायचं राहिलं होतं त्यांचं. तिचे डोळे भरून आले.

"सरूबाई," ती म्हणाली. "माझ्या सासूबाई."

'खरखर'च्या नव्या अंकात दोन्ही नावं आली. अंगदला मात्र ते पटलं नाही. "मोबाईलमध्ये कसला तरी आवाज घुसला असेल," असं म्हणत त्यानं गारखेड्याहून सीडी परत आणली, शेजारच्याचा सीडी प्लेअर मागून घेतला आणि बापासमोर ती लावली. केरबा भिंतीला टेकून ऐकत राहिले. पहिली झील आली तशी त्यांनी बिडी खाली ठेवली.

"मामंजी, सासूबाईच ना?"

"नाय."

"नीट ऐका की."

"पोरी, सरूनं जन्मात झील धरली नाय. ती पुढं म्हणायची." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "झील मी धरायचो."

 बाहेर बायकांच्या घागरी वाजत होत्या. सीडी पुढं चालली होती आणि तो आवाज प्रत्येक ओवीला थोडा आधी यायला लागला होता. आधी ओळ संपल्यावर... मग ओळ संपता संपता... मग तनुजाच्या आवाजाबरोबरच.

"झील धरणारा गाणं शिकत असतो," केरबा हलक्या आवाजात म्हणाले. "एकदा शिकला, की त्याला पुढं म्हणणाऱ्याची गरज नसती."

शेवटची ओवी लागली. ती त्या बाईनं एकटीनं म्हटली.

ये गं प्रांजली माझ्या घरी, माझ्या घरी पाणी गार...

ही ओवी तनुजाला कुणी शिकवली नव्हती. ओळ संपली. क्षणभर जागा आली. आणि त्या जागेत तनुजाचा स्वतःचा आवाज ऐकू आला. गोड, लाडात आलेला, होकार दिल्यासारखा.

"...पाणी गार..."

"हे मी नाही म्हटलं," तनुजा अंगदला म्हणाली. "तुम्ही समोर होता ना? सांगा की. मी नाही ना म्हटलं?"

 अंगदनं सीडी काढली, दोन तुकडे केले आणि टँकरवर गर्दी होती तिकडं निघून गेला. केरबांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "आता गाऊ नको काही दिवस. नाव छापायला दिलंस ते बरं नाय झालं. माझ्या सरूच्या नावावर कुणाला घरात घेतलंस, कुणाला ठाव..."

तनुजानं गाणं सोडलं. तिला भीती होती, लेक आता झोपायची नाही, रडून घर डोक्यावर घेईल. तसं काही झालं नाही. झोळीत टाकलं की प्रांजली आढ्याकडं बघत पडायची, पायाचा अंगठा धरायची आणि शांत झोपून जायची. शेजारणी म्हणायच्या, "लई गुणाची लेक गं तुझी." तनुजा झोळीची दोरी धरून बसून राहायची. खोलीत काही ऐकू यायचं नाही. ऐकू येत नाही, याचीच तिला धास्ती बसली.

एका दुपारी तिला ते सोसलं नाही. लेक माझी आहे, मीच निजवीन, असं ठरवून तिनं दार लोटलं, झोळीवर वाकली आणि लेकीच्या कानाशी सासूची पहिली ओवी धरली. आवाज कापत होता, तरी धरली.

झोळी बांधली लिंबाला...

प्रांजलीनं तिच्याकडं पाहिलं नाही. ती पलीकडं बघत होती, झोळीच्या दुसऱ्या बाजूला, जरा वर. तनुजाइतकंच उंच कुणी तिथून वाकलेलं असावं, तसं. तोंड उघडं, डोळे हसरे.

तनुजानं आवाज वाढवला.

तशी नजर तिकडंच ठेवून लेकीनं हात उचलला, आणि तिकडचं नीट ऐकू येत नसलं म्हणजे मोठी माणसं मधे बोलणाऱ्याला गप्प करतात तसा आपला इवलासा पंजा हळूच आईच्या तोंडावर ठेवला.